श्रद्धा कमी पडली, असं कुणालाही म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

श्रद्धेनं आजार बरे होतात का, या वादावर वर्तमानपत्रांतून अधूनमधून पत्रं येत असतात. कुणी म्हणतं, सगळं थोतांड. कुणी म्हणतं, मनापासून मागितलं तर अशक्य काही नाही. या दोघांच्या भांडणात अंथरुणावरचा माणूस कुठंच दिसत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझे वडील पक्के कॅथलिक होते. रोज सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, रोज संध्याकाळी जपमाळ, महिन्याला फादरपुढं पापनिवेदन. शेवटची बरीच वर्षं पार्किन्सन्सनं व्यापली आणि गेल्या वर्षी ते गेले. समाचाराला आलेल्या एका नातेवाइकांनी मला विचारलं, "आयुष्यभर एवढं देव देव केलं, शेवटी काय मिळालं?" दुसऱ्या एक बाई चर्चमधल्याच. त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "घरातल्या सगळ्यांनी पूर्ण विश्वासानं मागितलं असतं, तर बरे झाले असते गं." दोघांनाही तिथं उत्तर देणं मला जमलं नसतं, आणि तो प्रसंगही नव्हता. पण दोघांच्याही मनात श्रद्धा म्हणजे बरं होण्याचा सौदाच होता. बाबांची श्रद्धा तशी कधीच नव्हती, हे मला चार लोकांसमोर सांगायचं आहे.

आजाराच्या कितीतरी आधी माझा मोठा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला. नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळी मिस्साला गेले. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे. पण संध्याकाळी घरात जपमाळेला आम्ही बसलो की "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या ओळीला बाबा थांबायचे. आम्ही पुढं म्हणायचो, आणि "आमची रोजची भाकर" पासून त्यांचा आवाज परत यायचा. हे कित्येक महिने चाललं. आईच्या आधी लक्षात आलं, मग माझ्या. कुणी काही बोललं नाही. पुढं एकदा त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "जे मनात नाही ते देवाला तोंडदेखलं कशाला सांगायचं? त्याला कळतंच." पापनिवेदनात त्यांनी हे फादरना सांगितलं होतं. फादरनी त्यांना कसलंही प्रायश्चित्त दिलं नाही. एवढंच म्हणाले, की ओढूनताणून म्हणू नका, बाकीचे म्हणताहेत तेवढ्यापुरतं त्यांच्यासोबत बसा. जपमाळेत नमो मारिया या येशूच्या आईला केलेल्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकानं म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी, ही पद्धत आहेच. एकाची जीभ अडली म्हणून प्रार्थना अडत नाही.

त्याच काळात बायबलमधलं ८८वं स्तोत्र त्यांना सापडलं. चर्चच्या दैनंदिन प्रार्थनाविधीत ते शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी म्हणतात. आक्रोशाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठंतरी वळतात, आशेचा एखादा शब्द येतो. ८८व्यात तो येत नाही. ते अंधारातच संपतं. बाबा म्हणायचे, ज्यांनी हे स्तोत्र बायबलमध्ये ठेवलं आणि आठवड्याच्या आठवड्याला म्हणायला लावलं, त्यांनी मेलेलं मूल पाहिलं असणार. आता कुणी मला "खरा श्रद्धाळू कधी तक्रार करत नाही" असं सांगितलं की मला ते शुक्रवार आठवतात.

मग एका संध्याकाळी त्यांनी ती ओळ म्हटली. त्या दिवशी विशेष काही घडलेलं नव्हतं. आम्ही कुणी वर पाहिलं नाही, पुढची नमो मारिया सुरू झाली.

आजाराची पहिली खूण कुणाला कळली नाही, कारण हाताची थरथर नव्हतीच. पार्किन्सन्स म्हणजे थरथर, असं आपण धरून चालतो. जेम्स पार्किन्सन या इंग्लिश डॉक्टरनं १८१७ साली या आजारावर पहिलं सविस्तर टिपण लिहिलं ते कंपवात म्हणूनच. पण मेंदूत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की चालणं, गिळणं, आवाज, चेहरा, अक्षर असं सगळंच आक्रसत जातं. बाबांचं अक्षर आक्रसलं. ते हिशेबनीस होते, अक्षर छापल्यासारखं. नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थनेचा महिना, २ तारखेला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. त्यासाठी बाबा दर वर्षी एका वहीत गेलेल्यांची नावं नव्यानं लिहून काढायचे. भावाचं नाव सर्वांत वर. एका वर्षी आईनं ती वही पाहिली तर वरचं नाव नेहमीसारखं होतं, आणि खाली येता येता अक्षरं मोहरीएवढी झाली होती. चष्मा बदलला, काही फरक पडला नाही. न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना एक वाक्य कागदावर पुन:पुन्हा लिहायला सांगितलं, हात उघडमीट करायला लावले, दारापर्यंत चालवून पाहिलं आणि निदान सांगितलं.

त्यानंतर चेहरा गेला. म्हणजे चेहऱ्याचे स्नायू हलेनासे झाले. मिस्सात शांतीचं अभिवादन करताना बाबा पूर्वी मागच्या दोन रांगांपर्यंत वळून सगळ्यांकडे पाहून हसायचे. आता ते हसत, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नसे. काहींना वाटलं मुलगा गेल्यापासून माणूस कडवट झाला, काहींना वाटलं रागावलेत. एका कुटुंबानं तर बोलणंच सोडलं. आईनं शेवटी घरोघर सांगितलं, की हा आजार आहे, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. आपल्यात या आजाराविषयी इतकं अज्ञान आहे की आजाऱ्याच्या बायकोला हेही काम करावं लागतं.

बाबा चर्चमध्ये वाचक होते, रविवारच्या मिस्सातलं बायबलचं पहिलं वाचन बहुतेक वेळा त्यांचं असायचं. आवाज इतका खाली गेला की माइकपुढंही शब्द पोचेना. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नाही, सांगायची कुणाची हिंमतही नव्हती. ते स्वतः फादरकडे गेले आणि नाव काढून घ्या म्हणाले. पोप जॉन पॉल दुसरे यांना हाच आजार होता. २००५च्या ईस्टरला ते खिडकीत आले, बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द फुटला नाही, आणि त्यांनी हातानंच आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी, २ एप्रिलला, ते गेले. बाबांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं, तेव्हा ते ठणठणीत होते. मी त्यांना म्हटलं, पोपसाहेबांनी नाही सोडलं, तुम्ही का सोडता? त्यांनी उत्तर दिलं ते असं: त्यांच्यानंतरच्या पोपनी सोडलं ना. आणि ते खरंच होतं. बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी अंगात बळ उरलं नाही म्हणून पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ती तारीख लूर्दच्या मातेच्या, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्द गावी दर्शन दिलेल्या मारियेच्या, सणाची, आणि १९९३पासून जागतिक रुग्णदिनाचीही. "एक राहिले, एक उतरले. दोघांनी प्रार्थना करूनच ठरवलं," बाबा म्हणाले. आजारी माणसानं धीरोदात्तपणे टिकूनच राहायला हवं, असं बाहेरच्यांना फार वाटतं. उतरणंही प्रार्थनेतून येऊ शकतं, हे मी बाबांकडून शिकले.

चालताना ते उंबऱ्याशी गोठायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. ढकललं की तोल जायचा. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं की तालावर पाऊल निघतं, आकडे मोजा, गाणं म्हणा, काहीही चालेल. हा कुणाचा चमत्कार नव्हे. आपोआप होणाऱ्या हालचालीची मेंदूतली वाट बिघडली की बाहेरचा ताल दुसऱ्या वाटेनं पाऊल काढून देतो. बाबांनी ताल निवडला तो पवित्र मारियेच्या लितानीचा, म्हणजे तिच्या बिरुदांच्या लांबलचक प्रार्थनेचा. आई एकेक बिरुद म्हणायची आणि बाबा "आमच्यासाठी विनंती कर" म्हणून पाऊल टाकायचे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत लितानी. सुरुवातीला त्यांना चुटपुट लागली, की संडासाला जाताना हे म्हणणं बरं दिसतं का. आई म्हणाली, तिनं पण एक मूल वाढवलंय, तिला सगळं माहीत आहे. तो विषय तिथंच मिटला. फिजिओथेरपिस्ट ख्रिस्ती नव्हत्या, पण पुढं आई दमली की त्याही बिरुदं वाचून दाखवायच्या.

आता चमत्कारांविषयी. बाबांनी बरं होण्यासाठी प्रार्थना केली का? केली, अगदी उघडपणे. मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कुणी लूर्दचं पाणी आणून दिलं, त्यांनी कपाळावर क्रूस काढला आणि गोळी वेळेवर घेतली. १८५८मध्ये लूर्दमधल्या बर्नादेत या मुलीला मातेचं दर्शन झालं, तेव्हापासून तिथं कोट्यवधी लोक गेले. तिथं डॉक्टरांचं स्वतंत्र कार्यालय आहे, आणि कठोर तपासणीनंतर चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना आजवर शंभरसुद्धा नाहीत. स्वतः बर्नादेत दमा आणि क्षयानं पिडलेली होती आणि १८७९मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी वारली. तिची श्रद्धा कमी पडली का? संत पौलानं अंगातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. त्याची कमी पडली? ज्या बाईंनी माझा हात हातात घेतला, त्यांना मला हे दोन प्रश्न विचारायचे आहेत. रागानं नाही, पण विचारायचे आहेत.

एका प्रार्थनासभेत बाबांना कुणीतरी सांगितलं होतं, की औषध घेणं म्हणजे देवावरचा अविश्वास. बाबांना चिडलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं, त्यांतली ही एक वेळ. घरी येऊन त्यांनी कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय मला मोठ्यानं वाचायला लावला, कारण स्वतःचा आवाज उरला नव्हता. वैद्याचा मान राख, त्यालाही प्रभूनंच निर्माण केलं आहे. औषधं प्रभूनं जमिनीतून उत्पन्न केली, शहाणा माणूस ती नाकारत नाही. आजारी पडलास की प्रार्थना कर आणि मग वैद्याला त्याची जागा दे, अशा अर्थाचं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. या आजारात लेव्होडोपा या मुख्य औषधाच्या गोळीची वेळ अर्ध्या तासानं चुकली तरी माणूस लाकडासारखा होऊ शकतो. ती बंद करायला सांगणारा माणूस काय सांगतो आहे, हे त्याला तरी कळतं का?

मधे एक काळ असा आला की बाबांना प्रार्थना करावीशीच वाटेना. जपमाळ हातात, पण मणी पुढं सरकत नव्हता, आणि या वेळी दोष बोटांचा नव्हता. नातेवाईक म्हणाले, श्रद्धाळू माणसाला डिप्रेशन कसं येईल? डॉक्टरांनी सांगितलं, उदासी हा या आजाराचाच भाग आहे, आणि त्यासाठीची वेगळी गोळी दिली. बाबांनी ती घेतली. मदर तेरेसांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत देव नसल्यासारखा भासणारा अनेक वर्षांचा काळोख त्यांनी लिहून ठेवला आहे. पुढं २०१६मध्ये चर्चनं त्यांनाच संत घोषित केलं. फादरनी बाबांना याची आठवण करून दिली, बाकी उपदेश केला नाही. गोळीनं आणि त्या आठवणीनं, दोन्हींनी मिळून काही आठवड्यांत बाबा सावरले. यातलं किती कशामुळं, हे वेगळं काढत बसायची त्यांना गरज वाटली नाही आणि मलाही वाटत नाही.

रुग्णाभ्यंगाला, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराला, फादर घरी यायचे तेव्हा शेजारी घाबरायचे. अजूनही पुष्कळ कॅथलिक घरांत या संस्काराला इतकं भितात की रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत फादरना बोलावतच नाहीत. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३मध्येच सांगितलं, की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. १९७२मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचा नवा विधी मंजूर केला. गंभीर आजारात तो घेता येतो आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावतात. बाबांचे हात त्या वेळी थरथरायला लागलेले असायचे. फादर घाई न करता ते आपल्या हातात धरून ठेवायचे आणि मग तेल लावायचे. बाबा शुद्धीत असताना, स्वतः "आमेन" म्हणून हा संस्कार घेत होते, याचं मला आजही समाधान आहे.

गिळणं अवघड झालं तेव्हा मात्र त्यांना खरी भीती वाटली. मरणाची नव्हे, कम्युनियन बंद होण्याची, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर ख्रिस्तशरीर म्हणून घेणं बंद होण्याची. आधी फादर ख्रिस्तशरीराचा अगदी कणभर तुकडा द्यायचे. तोही ठसका आणू लागला, तेव्हा त्यांनी नियम समजावून सांगितला: चर्चच्या कायद्याच्या ९२५व्या कलमात, गरज असेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येतं. डॉक्टरांना आणि गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्टना विचारून, बाबांना ताठ बसवून, चमच्याच्या टोकावर एखादा थेंब. घरोघर रुग्णांना भेट देणाऱ्या एका सेवकाला ही तरतूद ठाऊकच नव्हती, त्यानं "आता मनानंच स्वीकारा" म्हणून हात जोडले होते. आणखी एक कलम आहे, ९१९वं. कम्युनियनपूर्वीचा तासाभराचा उपवास वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही नाही. माझी आई पहाटेपासून उभी असायची आणि चहा घेतला म्हणून मागं सरायची. शुश्रूषा करणाऱ्या बाईचा विचार कायदा लिहिताना कुणीतरी केला होता, हे तिला कळलं तेव्हा ती रडली.

शेवटी छातीत पुन:पुन्हा संसर्ग होऊ लागला. अन्नाचे कण श्वासनलिकेत जातात, या आजारात बरेचजण त्यानंच जातात. बोलता येत होतं तेव्हाच बाबांनी डॉक्टरांसमोर, आईसमोर आणि माझ्यासमोर सांगून ठेवलं होतं की व्हेंटिलेटर नको. चर्चमधल्या काहींना हे खटकलं. जीव देवाचा आहे, तुम्ही कोण नाही म्हणणारे? म्हणून सांगते: पोप बारावे पायस यांनी १९५७मध्येच डॉक्टरांना उद्देशून स्पष्ट केलं होतं, की असाधारण उपायांनी जीव धरून ठेवण्याचं बंधन नाही, आणि वेदनाशामक देताना आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी, हेतू वेदना शमवण्याचाच असेल, तर ते देता येतं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२७८ आणि २२७९ या परिच्छेदांत हेच आहे. हे मरण मागणं नव्हे, मरण येतंय हे मान्य करणं आहे. बाबांना धाप लागायची त्यासाठी थोड्या मात्रेत मॉर्फिन दिलं. वेदना सोसणं हीच भक्ती, असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगेन, की बाबांनी आपल्या वेदना देवाला अर्पण केल्या आणि मॉर्फिनही घेतलं.

त्या नातेवाइकांच्या प्रश्नाचं, काय मिळालं याचं, उत्तर मला एवढंच देता येतं. मुलगा गेला तेव्हा बाबांना देवापुढं गप्प राहता आलं आणि तरी त्याच्यापासून उठून जावं लागलं नाही. चेहरा, आवाज, अक्षर एकेक करून गेलं, तेव्हा जे उरलं होतं त्यानं ते प्रार्थना करत राहिले. हे कुणाला पुरेसं वाटणार नाही, हे मी समजू शकते. बाबांना ते पुरत होतं.

आणि जे आजाऱ्याला भेटायला जातात, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांना एक विनंती. बायबलमधल्या ईयोब या संकटांनी खचलेल्या माणसाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते मित्र होते. त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावरच, ईयोबावर नव्हे. पार्किन्सन्सच्या रुग्णाकडे जात असाल तर आधी फोन करून गोळीची वेळ विचारा. गोळीचा परिणाम सुरू झाल्यावर जा, म्हणजे त्याला तुमच्याशी बोलता येईल. समोर बसा, टीव्ही बंद करायला सांगा. शब्द यायला वेळ लागला तर थांबा, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तो प्रार्थना करणारा असेल तर विचारून त्याच्यासोबत म्हणा, त्याच्या गतीनं. आणि निघताना घरातल्या शुश्रूषा करणाऱ्या माणसाला विचारा, की मी तासभर इथं बसते, तुम्हाला थोडं झोपायचं आहे का.

आपली,
एक वाचक